इंग्लंडमधल्या अँग्लिकन चर्चला कलाकाराने शिल्प भेट दिले, तर ते बसवायचे की नाही हे पाद्री ठरवतो का?

नाही, एकट्याने नाही. आधी पॅरिश (स्थानिक चर्चमंडळ) समितीचा ठराव, मग डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या, सल्लागार समितीचा अभिप्राय, 28 दिवसांची जाहीर सूचना आणि शेवटी डायोसिसचा चॅन्सलर, म्हणजे धर्मन्यायाधीश, देतो ती ‘फॅकल्टी’ ही परवानगी. कॅथेड्रलची, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चची, व्यवस्था वेगळी. परवानगीशिवाय बसवलेले काम काढायला लावता येते, दाता कितीही मोठा असो.

अर्ज बहुधा अडतो तो कलाकृती अमूर्त आहे म्हणून नव्हे. ‘इथेच का?’ याचे उत्तर त्यात नसते. उपासनेत तिचा उपयोग काय, वास्तूच्या कोणत्या भागाला धक्का लागतो, देखभालीचा खर्च कोण करणार, हे लिहा. वजन इंजिनिअरकडून तपासून घ्या. खिळे-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि शक्यतो दगडांच्या सांध्यात. साधे लोखंड गंजून फुगते आणि दगड फोडते.

लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुकचे प्रकरण जरूर वाचा. वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने बांधलेल्या या चर्चसाठी शिल्पकार हेन्री मूरने ट्रॅव्हर्टाइन दगडाची जड, गोलसर वेदी घडवली. चर्चच्या कायद्याप्रमाणे हे ‘टेबल’ ठरते का, आणि रेनच्या वास्तूत ते शोभते का, यावर वाद पेटला. खालच्या धर्मन्यायालयाने नकार दिला. 1987 मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. वेदी आज घुमटाखाली मधोमध आहे (आणि माझ्या मते शोभतेही).

खात्री नसेल तर आधी आर्चडीकनकडून (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री) तात्पुरत्या मांडणीचा परवाना मागा. काम प्रत्यक्ष पाहिल्यावर विरोध बराच मवाळ होतो.