लॅपटॉप माझा, अकाउंट कुणाचं?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, चिपळूणला राहते. नवा लॅपटॉप घेतलाय, विंडोज ११ होम. चालू करताना नेट आणि ईमेल मागतो, त्याशिवाय पुढे सरकतच नाही. जुन्याला नुसतं नाव आणि पासवर्ड होता. दुकानातला मुलगा म्हणतो, "मॅडम, माझ्या आयडीवरून चालू करून देतो, नंतर बदला." पुण्याचा माझा मुलगा म्हणतो, ईमेलवरचं मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन अकाउंटच ठेव. मला मात्र लोकल, म्हणजे त्या लॅपटॉपपुरतंच अकाउंट हवंय. पावसाळ्यात आमच्याकडे नेट दोन-दोन दिवस नसतं, आणि घरचे फोटो, सातबारा, दस्त परक्याच्या सर्व्हरवर कशाला? २०२१च्या पुरात जुना कॉम्प्युटर गेला, तेव्हापासून मी धास्तावलेय. काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या दुकानातल्या मुलाला नाही म्हणून सांगा. बाकीचं सावकाश ठरवू.

मी साताऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते, आणि हे कळवळून सांगतेय त्याला कारण आहे. माझ्या वडिलांनी दोन वर्षं खपून आमच्या घरातली मोडी पत्रं देवनागरीत उतरवली होती. लॅपटॉप घेतला तेव्हा मी गावाला होते. दुकानातल्या पोराने जागेवर एक ईमेल बनवला, स्वतःचा मोबाइल नंबर टाकला, वडिलांना चार आकडी पिन दिला आणि मोकळा झाला. वडील रोज पिन टाकायचे, काम चालायचं. एकदा मी सी ड्राइव्हमधलं युजर्सचं फोल्डर उघडलं, तर वडिलांच्या नावाऐवजी भलतीच पाच अक्षरं. ऑनलाइन अकाउंटने सुरुवात केली की विंडोज ईमेलची पहिली पाच अक्षरं घेऊन त्या फोल्डरला नाव देतं. ती त्या पोराची होती. मी पाहिलं आणि घाईत सोडून दिलं.

पुढे मदरबोर्ड जळाला, नवा बसवला. चालू केल्यावर निळा पडदा : रिकव्हरी की द्या. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे. विंडोजने डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलेली होती, कुलूप उघडणारी चिप जुन्या बोर्डाबरोबर गेली, आणि किल्लीची प्रत त्या ईमेलच्या अकाउंटमध्ये. पोराने दुकान सोडलेलं, सिम बंद, पासवर्ड त्याच्याही लक्षात नाही. ही की मायक्रोसॉफ्टचे लोकही नव्याने बनवून देऊ शकत नाहीत. डिस्क पुसावी लागली. ते पुसण्याचं बटण मीच दाबलं, वडील शेजारी बसले होते.

म्हणून लोकल की ऑनलाइन याच्याआधी मी विचारते : अकाउंट कुणाच्या नावावर, मोबाइल नंबर कुणाचा, आणि ते ४८ आकडे कुठे लिहिलेत?

आता तुमच्या शंका. नेट गेलं म्हणून लॅपटॉप अडणार नाही. पिन त्या यंत्रातच राहतो, सर्व्हरवर नाही. नेट लागतं ते पहिल्यांदा जोडताना. पुढे चार दिवस वायफाय नसलं तरी पिन टाकून बसा.

फोटो परक्याच्या सर्व्हरवर जाण्याची भीती रास्त आहे, पण ते जातात वनड्राइव्हमधून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीतून. अकाउंट ठेवून वनड्राइव्हचा बॅकअप बंद करता येतो. सुरुवातीला ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डरं आपल्याकडे ओढू पाहतं. फुकट जागा ५ जीबी, ती फोटोंनी बघता बघता भरते आणि मग पैसे भरा म्हणून पाठ सोडत नाही. नंतर बॅकअप बंद केला की डेस्कटॉप अनेकदा रिकामा दिसतो आणि लोक रडवेले होऊन माझ्याकडे येतात. फायली गेलेल्या नसतात, वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात. तुम्ही हे पहिल्याच दिवशी बंद करा.

लोकल अकाउंटची एक बाजू दुकानदार सांगत नाहीत. होम आवृत्तीत निव्वळ लोकल अकाउंट असेल तर डिस्कचं कुलूप खऱ्या अर्थाने लागत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडायची, की तुमचे दस्त समोर. पासवर्ड तिथे आड येत नाही. पासवर्ड विसरलात तर तीन सुरक्षा प्रश्नांवर सगळी मदार. घरात एकाच जागी राहणाऱ्या कॉम्प्युटरला मी आजही लोकल अकाउंट देते. पण एसटीतून पुण्याला नेला जाणारा लॅपटॉप निराळा.

यूट्यूबवर सुरुवातीलाच ईमेल टाळायच्या युक्त्या दाखवतात, त्यांच्या नादी लागू नका. मायक्रोसॉफ्टने २०२५पासून चाचणी आवृत्त्यांत त्या वाटा बुजवायला घेतल्या आहेत. अर्ध्यात अडकलात तर पुन्हा त्याच मुलाकडे जावं लागेल.

तुमच्या जागी मी असते तर स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरावर ऑनलाइन अकाउंट उघडून सुरुवात केली असती. मग ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये शिरून डिव्हायसेसमध्ये आपला लॅपटॉप शोधा, तिथे रिकव्हरी की सापडेल. ती कागदावर उतरवून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून समाधान मानू नका. यानंतरही लोकलच हवं असेल तर सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो इथून लोकलवर जाता येतं, फायली जागच्या जागी राहतात. मात्र ऑनलाइन अकाउंटने आधी लागलेलं डिस्कचं कुलूप तसंच राहतं, म्हणून की आधी उतरवायची आणि मगच बदल करायचा. ऑनलाइन अकाउंटही तसंच जिवंत ठेवा, दोन वर्षांत एकदा तरी त्यात साइन-इन व्हायला हवं.

आणि पुराचं. सातबारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा पुन्हा काढता येईल. फोटो कुठून आणणार? अकाउंट कुठलंही घ्या, फोटोंच्या दोन प्रती दोन बाहेरच्या हार्ड डिस्कवर करा. एक तुमच्याकडे वरच्या मजल्यावर, दुसरी पुण्याला मुलाकडे. त्या ४८ आकड्यांच्या कागदाचीही एक प्रत त्याच्याच कपाटात राहू दे.