जुनी पेट्रोल गाडी प्रदूषण चाचणीत नापास झाली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलू का?

कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरच्या नळीतला भाग, लगेच बदलू नका. आधी रिपोर्टमधले आकडे वाचा, दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

तुम्ही लिहिलंय की कार्बन मोनॉक्साइड खूप जास्त आहे आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) थोडे वाढलेत. म्हणजे मिश्रण रिच आहे, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. एअर फिल्टर चोंदलाय का, इंजेक्टर गळतोय का, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) मंदावलाय का ते बघा. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह! तो उघडा अडकला की इंजिन नीट तापत नाही, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. हा दोष फार जण तपासतच नाहीत. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा खाली राहतो का, एवढं तरी पाहा.

उलट, फक्त हायड्रोकार्बन जास्त असते तर मी आधी स्पार्क प्लग, कॉइल आणि कॉम्प्रेशन तपासलं असतं, कारण मिसफायर झाला, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण पेटलंच नाही, की न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतं.

कन्व्हर्टर शेवटी. रिच मिश्रण तसंच ठेवून नवा बसवलात तर जादा पेट्रोल त्यात जळून तोही खराब होईल. शिवाय तो साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोचल्यावरच काम करू लागतो, म्हणून पुढच्या चाचणीआधी वीसेक मिनिटं गाडी चांगली पळवा आणि बंद न करता तशीच चाचणीला लावा.