बाहेरच्या भिंतीसाठी लिनियर (लांब पट्टीसारखे) एलईडी दिवे निवडताना

आधी भिंत बघ, कॅटलॉग नंतर. काळ्या दगडाची ओबडधोबड भिंत असेल तर अरुंद बीमचा (झोताचा) वॉल ग्रेझर, म्हणजे भिंतीला घासून उजेड टाकणारा दिवा, भिंतीपासून १५-२० सेंमीवर लाव. दगडाचा प्रत्येक उंचवटा सावलीसकट उठून दिसतो. हाच दिवा गिलाव्याच्या भिंतीवर लावलास तर गवंड्याच्या थापीचे सगळे फटकारे उघडे पडतील. तिथे रुंद बीमचा वॉल वॉशर, म्हणजे भिंतभर सारखा उजेड पसरवणारा दिवा, भिंतीपासून चांगला लांब.

छज्ज्याची कड किंवा कमान नुसती रेखायची असेल तर निऑन फ्लेक्स (वाकणाऱ्या नळीतली एलईडी) घे, पण सिलिकॉनचाच. पीव्हीसी स्वस्त पडतो, मात्र उन्हात पिवळा पडून कडक होतो. आणि फ्लेक्स एकाच दिशेला वळतो, वर किंवा बाजूला, ते ऑर्डर देण्याआधी ठरव.

अॅल्युमिनियम प्रोफाइलमधली (खाचेच्या पट्टीतली) साधी एलईडी स्ट्रिप मी छपराखालीच वापरायला सांगेन. आयपी हा आकडा दिवा धूळ-पाणी किती अडवतो ते सांगतो. आयपी६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल. पाणी साचणाऱ्या जागी आयपी६७ हवंच. खरं तर कोकणातल्या पावसात दिवा मरतो तो बहुधा जोडापाशी. कापलेल्या टोकाला एंड कॅप, सिलिकॉन, आणि केबलला खाली झोळ दे, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. समुद्राजवळ स्क्रू ३१६ स्टेनलेसचे, म्हणजे खाऱ्या हवेत कमी गंजणाऱ्या पोलादाचे.

व्होल्टेज २४ घे. तेवढ्याच वॅटला करंट १२ व्होल्टच्या निम्मा, त्यामुळे लांब ओळीचं शेवटचं टोक कमी मंदावतं. पाच मीटरच्या पुढे तरीही दोन्ही टोकांनी सप्लाय दे.