शहरातलं घर विकायची घाई नको

तुमचं पत्र थोडक्यात असं: तुमचं वय 51, पत्नीचं 48. शहरात 24 वर्षं काढली, घराचं कर्ज फिटलं, मुलगी कमावती झाली. आता नोकरी सोडून कायमचं गावात राहायला जायचंय. त्यासाठी शहरातलं घर विकायचं, जमीन घ्यायची, मनासारखं घर बांधायचं आणि उरलेल्या पैशांवर व शेतीवर भागवायचं. पैसे पुरतील का, एवढंच तुम्ही विचारलंत.

तुमचे आकडे घेऊन मी दोन संध्याकाळी बसलो. माझं मत जा असंच आहे. फक्त तुम्ही लिहिलेल्या क्रमाने जाऊ नका.

हिशेब सोपा व्हावा म्हणून तुमची एकूण मालमत्ता 100 धरू. त्यात घर 60, गुंतवणूक 40. जमीन आणि बांधकामाला तुम्ही 45 धरलेत, म्हणजे हाती 55 उरतात. गावातला वर्षाचा खर्च 2. पुंजीच्या 3.6 टक्के झाले, आणि "4 टक्क्यांच्या आत आहे" म्हणून तुम्ही निश्चिंत आहात. हा 4 टक्क्यांचा नियम विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक नियोजकाने 1994 मध्ये मांडला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के काढायचे आणि पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईइतकी वाढवत न्यायची. पण तो अमेरिकेतल्या बाजाराच्या इतिहासावर बेतलेला आहे, त्यात किमान निम्मी रक्कम शेअर्समध्ये धरलेली आहे आणि मुदत 30 वर्षांची आहे. तुमच्या पत्नी नव्वदीपर्यंत जगल्या तर तुम्हाला 42 वर्षं काढायची आहेत. म्हणून तुमच्यासाठी मी साडेतीनच्या फार वर जाणार नाही.

खरी अडचण मात्र त्या 45 मध्ये आणि त्या 2 मध्ये आहे. नव्या जागी बांधकाम ठरलेल्या पैशांत उरकलं असं मी फार कमी वेळा पाहिलंय. जागेपर्यंत रस्ता, विजेची जोडणी, पाण्याची सोय, कुंपण, शौचालयाची टाकी यांतलं बरंचसं पहिल्या अंदाजात नसतं. तुमच्याही नाही. खर्च चौथ्या हिश्शाने वाढला तर 45 चे 56 होतात आणि हातात 44 उरतात.

आणि खर्चाचा तक्ता. भाजीपाल्यासमोर तुम्ही "शून्य, घरचाच" असं लिहिलंय. ते वाचून बरं वाटलं, कारण त्या शून्यामागे तुमचं केवढं स्वप्न आहे ते दिसलं. पण बियाणं, खत, कुंपण, पाण्याचा पंप आणि मजुरी या ओळीच तक्त्यात नाहीत. फळझाडं लावलीत तर पहिली काही वर्षं नुसता खर्च. दुसरं म्हणजे, शहरात तुमचं एका गाडीवर भागतं. गावात एकजण बाहेर गेला की दुसरा घरात अडकतो, त्यामुळे दुसरं वाहन येतंच. विजेसाठी इन्व्हर्टर, त्याची दर काही वर्षांनी बदलावी लागणारी बॅटरी, मुलीकडच्या फेऱ्या हे सगळं मिळवून मी 2 चे अडीच केले. 44 वर अडीच म्हणजे साधारण 5.7 टक्के. इथे गणित मोडतं. शिवाय 6 टक्के महागाईत आजचा अडीचचा खर्च 12 वर्षांत 5 वर जातो. तेव्हा तुम्ही 63 वर्षांचे असाल. शेतीचं उत्पन्न मी जाणूनबुजून धरलेलं नाही. पहिली तीन वर्षं तुम्हीही धरू नका.

म्हणून माझा सल्ला: शहरातलं घर दोन वर्षं भाड्याने द्या आणि गावात भाड्याने राहा. तुम्ही कळवलेल्या भाड्यातून देखभाल, कर आणि वर्षाला एक रिकामा महिना वजा केला तर दीड उरतो. गावातल्या घराचं भाडं 0.4 धरा. एकूण खर्च 2.9, त्यातून भाड्याचे दीड गेले की गुंतवणुकीतून 1.4 काढायचे. 40 वर साडेतीन टक्के. पुंजी शाबूत राहते आणि परतीची वाटही. एकदा घर विकलं की मुद्रांक शुल्क, दलाली आणि कर भरून तसंच घर पुन्हा घेणं तुमच्या ऐपतीबाहेर जाईल.

या दोन वर्षांत वर्षाचे सगळे ऋतू दोनदा पाहून होतील. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने भरल्या विहिरीची जमीन पाहताक्षणी घेतली. उन्हाळ्यात तळ दिसला, आणि तीन महिने पाणी विकत घ्यावं लागलं. तीच जमीन त्यांनी मे महिन्यात पाहिली असती तर भाव तरी पाडून मागितला असता.

दवाखान्याबद्दल तुम्ही "जवळच आहे" एवढंच लिहिलंत. तो किती जवळ आहे ते रात्री दोन वाजता गाडी काढून मोजा. मेंदूत गुठळी अडकून झटका आला तर गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं. म्हणजे ज्या ठिकाणी चोवीस तास स्कॅनची सोय आहे, तिथपर्यंतचं अंतर महत्त्वाचं. राजीनामा देण्याआधी दोघांचा स्वतःचा आरोग्य विमा घ्या. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या विम्यात जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ असू शकतो. तुमचा रक्तदाब अर्जात लपवू नका.

दोन वर्षांनी मन रमलं तर घर खुशाल विका. पण जमीन आणि बांधकाम मिळून 30 च्या आत बसवा. मग 70 उरतील, आणि अडीचचा खर्च पुन्हा साडेतीन टक्क्यांच्या आसपास येईल. घर लहान होईल, एक खोली कमी पडेल. ती नंतर वाढवता येते.

आता पत्रातल्या एका वाक्याबद्दल. "पत्नीची ना नाही," असं तुम्ही लिहिलंत. ना नाही म्हणजे हो नव्हे. त्या घरी शिकवण्या घेतात, त्यातून वर्षाला 0.5 येतात (एकूण 100 धरून) असं तुम्हीच कळवलंय. गावी गेल्यावर ते थांबतील, आणि त्याचबरोबर त्यांचे विद्यार्थी, त्यांची दुपार, त्यांच्या हातातला स्वतःचा पैसाही जाईल. तुमच्या तक्त्यात याची कुठेच नोंद नाही. तोच कोरा तक्ता त्यांना द्या, शेजारी न बसता भरायला सांगा, आणि दोन्ही तक्ते मला पाठवा. पुढचा हिशेब मी दोन्ही समोर ठेवून करेन.