मडके कधी काढावे? फिंचपालकांचे प्रश्न

घरी पाळलेल्या फिंच या चिमुकल्या, दाणे खाणाऱ्या पक्ष्यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. ‘जोडी अंडी घालत नाही, काय करावे?’ अशीच बहुतेक पत्रे येतील, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात अडचण उलटीच निघाली. जोडी अंडी घालायची थांबत नाही, घातलेली अंडी जगत नाहीत, आणि जगलेल्या पिल्लांचे पुढे काय करावे हे कळत नाही, असा बहुतेक पत्रांचा सूर आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे झेब्रा फिंचची एक जोडी आहे. गेल्या आठ महिन्यांत मादीने पाच वेळा अंडी घातली. सहाव्या खेपेला ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेली. खाण्यापिण्यात मी कधीच कमी पडू दिले नव्हते. माझे काय चुकले?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : आपण लिहिलेल्या लक्षणांवरून अंडे अडकल्यामुळे मादी दगावली असण्याची शक्यता सर्वांत अधिक वाटते. आपण खाण्यापिण्यात कमी पडू दिले नाही, हे खरेच आहे. मात्र अडचणीचे मूळही काही अंशी त्यातच आहे.

झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील पक्षी. तेथे पाऊस केव्हा पडेल याचा भरवसा नसतो. म्हणून ठरावीक ऋतूची वाट न पाहता, पाणी आणि गवताचे बी मुबलक दिसू लागले की घरटे बांधायला घ्यायचे, ही त्याची सवय. आपल्या पिंजऱ्यात पाण्याची वाटी रोज भरलेली असते, कांगणी कधी संपत नाही, उकडलेले अंडे मिळते आणि कोपऱ्यात घरट्यासाठीचे मडके बाराही महिने टांगलेले असते. म्हणजे त्या पक्ष्याच्या दृष्टीने पावसाळा संपतच नाही. अशा स्थितीत तो आपणहून थांबेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्याला थांबवणे हे पाळणाऱ्याचे काम आहे, आणि माझ्या मते फिंचच्या प्रजननात शिकण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. जोडी जमवणे त्यामानाने फार सोपे असते.

थोडा हिशेब मांडून पाहा. मादीचे वजन साधारण १२ ग्रॅम आणि एका अंड्याचे सुमारे १ ग्रॅम. ती रोज एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते, म्हणजे सहा दिवसांत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतका ऐवज शरीराबाहेर टाकते. कवचासाठी लागणारे कॅल्शियम आहारातून पुरेसे मिळाले नाही, तर ते तिच्या हाडांतून काढले जाते. तेही अपुरे पडले की कवच मऊ राहते, स्नायूंची ताकद जाते आणि अंडे बाहेर येत नाही. म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेस (कटलफिश या सागरी प्राण्याचे कॅल्शियमयुक्त हाड) कायम अडकवलेला असावा. कोंबडीच्या अंड्याचे कवच दहा मिनिटे उकळून, वाळवून, बारीक कुटून वेगळ्या वाटीत ठेवले तरी चालते. केवळ दाण्यांवर ही गरज भागत नाही.

मादी फुगून तळाशी बसली आहे, शेपटी श्वासागणिक वरखाली होते आहे, असे पुन्हा कधी दिसले तर सकाळची वाट पाहू नये. तिला लहान खोक्यात घेऊन, खोक्याच्या एका बाजूला बाहेरून बल्ब लावून आत सुमारे ३० अंशांची ऊब राहील असे करावे आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे लगेच न्यावे. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. अंडे आत फुटले तर मादी वाचणे कठीण असते.

यापुढे एका जोडीकडून वर्षाला दोन, फार तर तीन वेळाच पिल्ले घ्यावीत आणि मादी किमान आठ-नऊ महिन्यांची झाल्याशिवाय मडके लावू नये. तीन महिन्यांतच ती अंडी घालू शकते, हे खरे. परंतु ते तिच्या हिताचे नसते. पिल्ले स्वतः दाणे फोडू लागली की मडके काढून घ्यावे, अंड्याचे मऊ खाणे बंद करावे आणि कोरडे धान्य व आठवड्यातून दोनदा थोडी पालेभाजी एवढ्यावर जोडीला ठेवावे. इतके करूनही काही माद्या दाण्याच्या वाटीत अंडी घालतात. तेव्हा ती अंडी लगेच उचलून टाकू नयेत, कारण गेलेल्या अंड्याची भरपाई म्हणून ती पुन्हा घालते. त्यांच्या जागी प्लास्टिकची अंडी ठेवावीत आणि तिचा नाद सुटला की नर-मादीला दोन महिने वेगळे ठेवावे. दोन्ही पिंजरे शेजारी असले तरी हरकत नाही. ते एकमेकांना हाका मारत राहतील. त्याने मन हेलावून पिंजरे एकत्र करू नयेत.

प्रश्न : मडक्यात पाच अंडी होती. आठवड्याने पाहतो तर अंडी गायब आणि त्यांच्या जागी नवी तीन अंडी. जुनी अंडी गवताखाली गाडलेली सापडली. असे का होते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा नराचा उद्योग आहे. झेब्रा नराला चोचीत काडी मिळाली की ती मडक्यात नेल्यावाचून राहवत नाही. मादी अंड्यांवर बसली तरी तो वरून थर चढवत राहतो. मग जुनी अंडी खाली जातात, थंड होतात आणि मादी वरच्या थरावर नव्याने सुरुवात करते. उपाय सोपा आहे. पहिले अंडे दिसले की पिंजऱ्यातील उरलेसुरले गवत, काथ्या, अगदी तळाचा फाडता येण्याजोगा कागददेखील काढून टाकावा. त्याआधी मात्र साहित्य भरपूर द्यावे, म्हणजे मडके नीट भरून घेतले जाते. काथ्याचे तुकडे बोटभर लांबीचे असावेत. शिवणाचा दोरा, कापूस किंवा केस देऊ नयेत. पायाला दोऱ्याचा फास बसून बोट काळे पडलेला पक्षी एकदा पाहिला, की ही सूचना पुन्हा सांगावी लागत नाही.

अंडी मोजण्यासाठी मडके रोज उतरवू नये. तिसरे-चौथे अंडे झाल्यावर जोडी खऱ्या अर्थाने उबवू लागते आणि हे काम नर-मादी दोघेही पाळीपाळीने करतात. त्यानंतर सहाव्या दिवशी, दोघेही बाहेर आले असताना, मोबाइलचा टॉर्च अंड्यामागे धरून पाहावे. फलित अंड्यात लालसर शिरांची जाळी दिसते; नुसते पिवळट आणि स्वच्छ दिसणारे अंडे वांझ समजावे. १२ ते १४ दिवसांत पिल्ले निघतात. १८ दिवस उलटूनही अंडे फुटले नाही, तर ते काढून टाकण्यास हरकत नाही.

प्रश्न : चार दिवसांचे पिल्लू पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले आढळले. हात लावला तर आईबाप त्याला सोडून देतात असे ऐकल्याने मी ते उचलले नाही, आणि ते मेले. हे खरे आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. स्वच्छ, कोरड्या हाताने पिल्लू उचलून परत मडक्यात ठेवल्याने फिंच त्याला टाकत नाहीत. पडलेले पिल्लू गार लागले तरी ते मेलेच असे मानू नये. बंद मुठीत दहा-पंधरा मिनिटे धरून त्यावर हळू फुंकर घालत राहिल्यास पुष्कळदा ते हालचाल करू लागते. ते पूर्ण गरम झाल्यावरच मडक्यात ठेवावे, कारण गार पिल्लू तोंड उघडत नाही आणि तोंड न उघडणाऱ्या पिल्लाला आई भरवत नाही.

ते पडले कसे, याचाही विचार व्हावा. कधी मादी घाईने बाहेर पडताना ते तिच्या पिसांत अडकून येते, तो अपघात. पण पिल्ले वारंवार खाली सापडत असतील, तर आईबाप ती मुद्दाम टाकत असतात. वयाने कोवळी जोडी, एकाच पिंजऱ्यात जास्त जोड्या, सतत मडक्यात डोकावणारी घरची मंडळी, किंवा मऊ खाण्याचा अभाव ही त्याची नेहमीची कारणे. पिल्ले असताना सकाळ-संध्याकाळ ताजे उकडलेले अंडे कवचासह कुस्करून द्यावे आणि दोन-तीन तासांनी उरलेले काढून टाकावे, विशेषतः कोकणच्या दमट हवेत. पिल्लाचे पोट भरले आहे का, हे ओळखण्याची खूण फार सुंदर आहे. त्याच्या मानेच्या बाजूच्या पातळ कातडीखालच्या पिशवीत गिळलेले दाणे बाहेरून मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. संध्याकाळी ती पिशवी रिकामी दिसली, तर रात्र काढणे त्याला जड जाते.

प्रश्न : विदर्भात उन्हाळ्यात पिल्ले काढता येतील का? पिंजरा गच्चीवरील पत्र्याच्या शेडमध्ये आहे.
— एक वाचक, अकोला

उत्तर : काढू नयेत. पत्र्याखालील मडके मे महिन्यात भट्टीच होते. मार्चच्या अखेरीस मडकी उतरवावीत आणि पिंजरा घरातील सावलीच्या भिंतीकडे हलवावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे चांगला काळ. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून बसलेला पक्षी उष्म्याने बेजार झालेला असतो. त्याला अंघोळीसाठी उथळ बशीत पाणी द्यावे व पिंजऱ्याच्या एका बाजूला ओले पोते टांगावे. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. मुंग्यांसाठी पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. मुंग्यांची पावडर पिंजऱ्याजवळ वापरू नये, तसेच पिंजऱ्याच्या खोलीत मच्छर अगरबत्तीही लावू नये.

प्रश्न : माझ्या झेब्रा फिंचची अंडी बेंगालीज या दुसऱ्या पाळीव फिंचच्या जोडीने उबवली आणि पिल्लेही त्यांनीच वाढवली. आता त्यांतील नर मोठा झाला आहे. पण झेब्रा मादीकडे ढुंकूनही पाहत नाही आणि बेंगालीज मादीपुढेच गातो. त्याच्यात काही दोष आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोष मुळीच नाही, तो जे शिकला तेच करतो आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस इमेलमान यांनी नेमका हाच प्रकार अभ्यासला होता. बेंगालीज पालकांनी वाढवलेले झेब्रा नर पुढे जोडीदार म्हणून बेंगालीज मादीलाच पसंती देतात, असे त्यांनी दाखवून दिले. गाण्याचेही तसेच आहे. झेब्रा फिंचमध्ये केवळ नर गातो आणि आयुष्याच्या पहिल्या तीन महिन्यांत जो नर त्याला सांभाळतो, त्याचे गाणे तो उचलतो. नीट ऐकलेत तर आपल्या नराच्या गाण्यात बेंगालीजच्या गाण्याचे तुकडे ओळखू येतील.

बेंगालीज हे उत्तम दत्तक पालक असल्याने मोह होतो, हे मी समजू शकतो. तथापि झेब्रा फिंच स्वतःची पिल्ले सहसा नीट वाढवतात, त्यामुळे आईबाप मेले किंवा त्यांनी पिल्ले टाकली तरच हा मार्ग घ्यावा. आपल्या नराला बेंगालीज पक्षी दिसणार वा ऐकू येणार नाहीत अशा खोलीत झेब्रा मादीबरोबर काही महिने ठेवून पाहावे. काही नर अशाने जोडी जमवतात. जमलीच नाही, तर त्याला गाणारा पक्षी म्हणून सुखाने राहू द्यावे.

प्रश्न : आठवडी बाजारात एका मुलाकडून लाल मनोलीची जोडी घेतली. पिंजऱ्यात ती अंडी घालेल का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : या प्रश्नाला मी प्रजननाचे उत्तर देणार नाही. मनोली म्हणजेच मुनिया हा आपल्याकडील रानपक्षी असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो पकडणे, विकणे, विकत घेणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. या पक्ष्याच्या ‘अवादवात’ या इंग्रजी नावाचे मूळ अहमदाबाद शहराच्या नावात आहे, कारण एके काळी तेथून हे पक्षी परदेशी पाठवले जात. आपण जोडी कौतुकाने घेतली असणार, याबद्दल मला शंका नाही. कृपया वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर संपर्क साधून ती सुपूर्द करावी. घराच्या खिडकीतून सोडून देऊ नये. पंखांत बळ नसलेला पक्षी कावळ्याच्या तावडीत सापडतो.

याच संदर्भात जावा स्पॅरो पाळणाऱ्यांनाही एक सूचना. हा पक्षी विदेशी असला तरी साइट्स या वन्य प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. झेब्रा फिंच त्या परिशिष्टांत नाही.

प्रश्न : तुरेवाली जोडी लावली की सगळी पिल्ले तुरेवाली निघतील ना?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : निघणार नाहीत, आणि अशी जोडी लावूही नये. दोन्ही बाजूंनी तुऱ्याचा गुण मिळालेला गर्भ अंड्यातच मरतो; हे नुकसान साधारण चार अंड्यांमागे एक असे असते. तुरेवाल्या पक्ष्याला साध्या डोक्याचा जोडीदार द्यावा. सुमारे निम्मी पिल्ले तुरेवाली मिळतील. जोडीदार निवडताना तो दुसऱ्या घरातला असावा. एकाच मडक्यातील भावंडांची जोडी लावू नये. पिल्लांच्या काळ्या चोची लाल-केशरी होऊ लागल्या, की त्यांचा पिंजरा वेगळा करावा.