बॅकअपच्या सॉफ्टवेअरला ड्राइव्ह का दिसत नाही?

प्रश्न : सीताबर्डीवर आमचे करसल्लागाराचे लहानसे कार्यालय आहे. हिशेबाच्या फायलींचा बॅकअप रोज रात्री नेटवर्कवरील स्टोरेजवर आणि शनिवारी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेण्याची आमची पद्धत आहे. विंडोजमध्ये नेटवर्कचा 'झेड' ड्राइव्ह व्यवस्थित उघडतो, परंतु नव्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये तो दिसतच नाही. आता हार्ड डिस्कही दिसेनाशी झाली आहे. काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : 'झेड' हे अक्षर विंडोजने केवळ आपल्या लॉगिनपुरते जोडलेले असते. बॅकअपचे सॉफ्टवेअर मात्र बहुधा सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम म्हणून, 'सिस्टिम' या वेगळ्या खात्यातून चालते आणि त्या खात्याच्या लेखी 'झेड' नावाचा ड्राइव्ह नसतोच. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडलेल्या सॉफ्टवेअरलाही बहुतेक वेळा हीच अडचण येते. म्हणून अक्षराचा नाद सोडून, दोन उलट्या तिरप्या रेषा, स्टोरेजचे नाव, पुन्हा एक तशीच रेष आणि फोल्डरचे नाव असा पूर्ण पत्ता सॉफ्टवेअरमध्ये टाइप करावा व तेथील युजरनेम-पासवर्डही सॉफ्टवेअरच्याच सेटिंगमध्ये नोंदवावा. नावाऐवजी आयपी पत्ता देणार असाल, तर तो राउटरमध्ये राखीव करून घ्यावा. अन्यथा उन्हाळ्यात वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की पत्ता बदलू शकतो.

एवढे करूनही जोडणी होत नसेल आणि स्टोरेज जुने असेल, तर ते नेटवर्कवरून फायली देण्या-घेण्याच्या एसएमबी १ या जुन्या पद्धतीवर अडलेले असण्याचा संभव आहे. मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसचा हल्ला याच पद्धतीतील त्रुटीतून पसरला होता आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये तिचा सर्व्हर मुळातच बसवलेला नसतो. काही तंत्रज्ञ ती पुन्हा चालू करून देतात, परंतु ज्या संगणकात अशिलांची विवरणपत्रे आहेत तेथे हे होऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टोरेजचे फर्मवेअर (त्याच्या आतील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून त्यावर एसएमबी २ किंवा ३ सुरू करावे. ते शक्य नसल्यास स्टोरेजच बदलावे.

हार्ड डिस्क हबमधून काढून थेट संगणकाच्या मागील पोर्टला लावावी आणि 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. डिस्क तेथे दिसत असून तिला अक्षर नसेल, तर राइट क्लिक करून अक्षर द्यावे, एवढ्याने काम भागते. मात्र तिच्यापुढे 'रॉ' (म्हणजे तिच्यावरील फायलींची रचना विंडोजला वाचता येत नाही) असे लिहिलेले असेल, किंवा ती वापरण्यापूर्वी फॉरमॅट करण्याची सूचना विंडोज दाखवीत असेल, तर कृपया 'फॉरमॅट' दाबू नका, कारण आपले जुने बॅकअप अजून तिच्यातच असू शकतात. ती डिस्क काढून बाजूला ठेवा, त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर ताजा बॅकअप घ्या आणि मगच ती डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे सोपवा.