आधी पट, मग वावर

भाऊ, गावात पहिल्यांदाच मुलांची दोन दिवसांची बुद्धिबळ स्पर्धा घेतोयस, तर बाद पद्धत ठेवू नको. लांबून एसटीनं आलेलं पोट्टं पहिल्याच डावात हरलं की त्याचा शनिवार-रविवार गेला. स्विस पद्धत ठेव. तीत साधारण सारखे गुण असलेले समोरासमोर येतात आणि हरलेलाही शेवटपर्यंत खेळतो. 32 मुलांना 5 फेऱ्या पुरतात. वेळ प्रत्येक खेळाडूला 15 मिनिटं अधिक दर चालीला 10 सेकंद दे. साठ चालींचा डावही पन्नास मिनिटांत आटोपतो. शनिवारी 3, रविवारी 2.

सोंगटीला हात लावला की तीच चालवायची, हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांग. रडारड तिथंच होते.

मैदानी खेळ फेऱ्यांच्या मधात घालू नको. आम्ही एकदा लगोरी ठेवली होती. पोट्टे घामाघूम, एकाचा गुडघा फुटलेला, अन् पटावर बसल्यावर घोडा तिरपा चालवायला लागले! शनिवारच्या फेऱ्या संपल्या, ऊन उतरलं, की मग विटीदांडू, लगोरी, वावरातून फेरी. हिवाळाच धर. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 गाठतो, तेव्हा नावच नको.

पालकांना पटापासून लांब, झाडाखाली बसव. तर्री-पोहे तिकडंच दे, म्हणजे ते उठत नाहीत.

नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडं मुलींची नावं वाढलीत. त्यांच्यासाठी बक्षीस निराळं काढ. आणि घड्याळांचे सेल जास्तीचे आण, ऐनवेळी तालुक्याला कोण पळणार?